पाळणाघरातील पहिला हिवाळा

रामकृष्ण परमहंसांचे नाव धारण करणारी आणि लोकांच्या बोलण्यात मात्र आर. के. पुरम एवढ्याच अक्षरांनी ओळखली जाणारी दक्षिण दिल्लीतील ही वसाहत मुख्यत्वेकरून केंद्र सरकारच्या नोकरांची. आणि सरकारी नोकरीत बदली सहसा चुकत नसल्यामुळे पुणे, नागपूर, सोलापूर अशा ठिकाणांहून आलेली मराठी कुटुंबे येथील सेक्टरांतून वर्षानुवर्षे नांदत आली आहेत. आजी-आजोबा दूर गावी, नवरा-बायको दोघेही सकाळी नऊच्या सुमारास कचेरीच्या वाटेला लागणारे, आणि घरात वर्ष-दीड वर्षाचे मूल, अशा संसाराला पाळणाघरावाचून गत्यंतर नसते. ही निकड सरकारने फार पूर्वी ओळखली. १९५४ साली कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी गृहकल्याण केंद्र ही संस्था स्थापन झाली, जी आज कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या देखरेखीखाली दिल्लीच्या सरकारी वसाहतींत पाळणाघरे चालवते. आणि त्याच साली, ज्या योजनेला आपण सारे सी. जी. एच. एस. म्हणतो त्या आरोग्ययोजनेचे दवाखानेही दिल्लीत सुरू झाले. मूल सांभाळण्याची आणि मूल आजारी पडल्यास त्याला औषध देण्याची, अशा दोन्ही तजविजी एकाच वर्षी झाल्या खऱ्या. परंतु या दोहोंच्या मधली जी अडचण, म्हणजे धड बरे नाही आणि धड आजारीही नाही अशा मुलाने त्या दिवशी जावे कोठे, ती मात्र आईबापांच्या पदरातच राहिली. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत या वसाहतीतील शेकडो घरांत सकाळी आठ वाजता हाच प्रश्न उभा असतो, आणि त्याचे उत्तर धावपळीत न शोधता आधीच ठरवून ठेवता यावे, यासाठी हा लेख.

प्रथम शत्रूची ओळख करून घेणे बरे. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याला कारण होणारे विषाणू पुष्कळ आहेत. त्यांपैकी राइनोव्हायरस हा वर्षभर फिरणारा आणि बहुधा नाक गाळून निघून जाणारा. इन्फ्लुएंझा हा अंग मोडून आणणारा. आणि ज्याच्याविषयी सर्वांत अधिक सावध राहावे तो आर. एस. व्ही. हा होय. १९५६ साली अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये तो प्रथम सापडला आणि पुढच्याच वर्षी आजारी अर्भकांमध्येही आढळला. वयाची दोन वर्षे पुरी होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची बाधा एकदा तरी होऊन जाते. मोठ्या माणसाला तो साधे पडसे देतो. पण सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या छातीत उतरला तर सूक्ष्म श्वासनलिका सुजवतो, त्यांत चिकट स्राव भरून टाकतो, आणि तान्ह्या जिवाच्या त्या नळ्या मुळातच इतक्या अरुंद की थोड्याशा सुजेनेही बाळाला धाप लागते. या विकाराला डॉक्टर ब्राँकिओलायटिस म्हणतात.

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या कुटुंबांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पश्चिम आणि दक्षिण भारतात हा विषाणू बहुतांशी पावसाळ्यात व त्याच्या आसपास बळावतो. उत्तर भारतात त्याचा हंगाम पाऊस ओसरल्यावर, थंडीच्या तोंडाशी सुरू होऊन ऐन हिवाळ्यापर्यंत चालतो. इन्फ्लुएंझा तर दिल्लीत दोनदा येतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडीत. त्यामुळे 'आमच्याकडे पाऊस संपला की पोरे सुधारतात' हा पुण्याच्या आजीबाईंचा अनुभव खरा असूनही दिल्लीत उपयोगी पडत नाही. येथे दसरा-दिवाळीपासूनच कंबर कसावी लागते, आणि त्याच दिवसांत शेतातील पेंढ्याचा, फटाक्यांचा व वाहनांचा धूर एकवटून दिल्लीची हवा वर्षातील सर्वांत वाईट अवस्थेला पोचते.

पाळणाघरात गेल्यावर मूल 'सारखेच' आजारी पडते, ही तक्रार प्रत्येक आईच्या तोंडी असते, आणि ती अवाजवी नाही. घरी वाढणाऱ्या लहान मुलालाही वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होऊ शकते. पाळणाघराच्या पहिल्या वर्षी हा आकडा दहा-बारापर्यंत जाणे हेही नेहमीचेच. एकेका सर्दीचा खोकला पंधरवडाभर, क्वचित तीन आठवडेही रेंगाळतो, सबब एक संपण्याआधी दुसरी सुरू होते आणि मूल सबंध हिवाळाभर आजारीच आहे असा भास होतो. अशा वेळी 'याची प्रतिकारशक्तीच कमी आहे' असे कोणी तरी सांगते, आणि आई टॉनिकांच्या बाटल्यांमागे लागते. वास्तविक या मुलात उणे काही नसते; जी देणी ते शाळेच्या पहिल्या वर्षी फेडणार होते ती आधी फेडत असते. अमेरिकेतील ट्यूसॉन या गावी जन्मापासून कित्येक वर्षे ज्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली अशा हजाराहून अधिक मुलांच्या अभ्यासात असे दिसून आले, की मोठ्या पाळणाघरात लवकर गेलेली मुले दुसऱ्या वर्षी इतरांपेक्षा अधिक वेळा आजारी पडत होती, पण सहाव्या वर्षानंतर त्यांना सर्दी कमी होत होती, आणि दम्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी आढळले. पहिल्या हिवाळ्यात मेटाकुटीला आलेल्या आईबापांना हा दिलासा खरोखरीचा आहे. मात्र तो दोन-तीन महिन्यांच्या बाळाला लागू करू नये. सहा महिन्यांच्या आतील, अपुऱ्या दिवसांचे, किंवा जन्मजात हृदयविकार असलेले मूल ऐन नोव्हेंबर-डिसेंबरात प्रथमच पाळणाघरात घालणे, दुसरा कोणताही मार्ग असेल तर टाळावे. दोन-तीन महिने पुढे ढकलल्याने जे साधते ते नंतर कोणत्याही औषधाने साधत नाही.

आता हा विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे पाहू. १९८१ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डॉ. कॅरोलाइन हॉल यांनी केलेला एक साधा प्रयोग मला फार उद्बोधक वाटतो. आर. एस. व्ही. झालेल्या बाळांच्या सान्निध्यात त्यांनी तीन प्रकारची माणसे ठेवली: काहींनी बाळाला कडेवर घेऊन, भरवून, कुरवाळून सांभाळले, काहींनी बाळाला हात न लावता केवळ त्याच्या पाळण्याला व खेळण्यांना हात लावून मग आपल्या नाकाडोळ्यांना लावला, आणि काही जण सहा फुटांहून दूर नुसते बसून राहिले. बाळ सांभाळणाऱ्या सातांपैकी पाच जणांना बाधा झाली, वस्तूंना हात लावणाऱ्या दहांपैकी चौघांना झाली, आणि दूर बसलेल्या चौदांपैकी एकालाही झाली नाही. कठीण गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू सहा तासांपर्यंत टिकून राहू शकतो, हेही त्यांच्याच अभ्यासांतून कळले. याचा अर्थ उघड आहे. इन्फ्लुएंझा खोकल्याशिंकेच्या तुषारांनी पसरत असला, तरी पाळणाघरातील आर. एस. व्ही. आणि बहुतेक सर्दी यांचा मुख्य राजमार्ग म्हणजे हात.

एखाद्या तळमजल्याच्या क्वार्टरातील पाळणाघरात जानेवारीच्या सकाळी जाऊन पाहावे. जमिनीवर रबरी चटया, त्यांवर रजया. दहा-बारा मुले, कोणी कडेवर, कोणी रांगणारे. आणि आयाच्या खांद्यावर एक टॉवेल, जो एकाचे नाक पुसून लगेच दुसऱ्याच्या तोंडाकडे जातो. लाळ गळणारे मूल तिच्या स्वेटरवर मान टाकून झोपते, आणि पाच मिनिटांनी त्याच जागी दुसऱ्या मुलाचा गाल येतो. त्या बाईंना दोष देण्याचे कारण नाही. नाक पुसल्यावर दर वेळी हात धुवावेत हे त्यांना पक्के ठाऊक असते. परंतु गच्चीवरील टाकीतून रात्रभर गारठून आलेले पाणी हाताला लागताच बोटे बधिर होतात, आणि दिवसातून तीस वेळा अशा पाण्याने हात धुण्याची अपेक्षा कोणाकडूनही करणे निर्दयपणाचे आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की पालकांना वर्गणी काढून पाळणाघराला काही द्यायचेच असेल, तर खेळणी किंवा भिंतीवरील चित्रे देण्याआधी हात धुण्याच्या बेसिनला गिझर बसवून द्यावा. गरम पाणी आणि साबण हाताशी असला की उपदेश न करताही हात धुतले जातात. त्यासोबत प्रत्येक मुलाच्या नावाचे चार-पाच सुती रुमाल घरून यावेत, वापरलेला रुमाल झाकणाच्या बादलीत पडावा, आणि मूल कडेवर घेताना खांद्यावर त्या मुलाचेच दुपटे असावे. तोंडात घातलेले खेळणे टोपलीत परत न टाकता वेगळ्या टबात टाकावे व संध्याकाळी साबणाने धुवावे. झोपवताना दोन मुलांची डोकी एकमेकांशेजारी न आणता एकाच्या डोक्याकडे दुसऱ्याचे पाय करावेत, आणि चटयांमध्ये हातभर तरी अंतर ठेवावे. सॅनिटायझर गरजेपुरता ठीक. पण सर्दीच्या सर्वच विषाणूंवर त्याची मात्रा सारखी चालत नाही, आणि बाटली मुलांच्या हाती लागू नये हेही पाहावे लागते.

हवेचा प्रश्न दिल्लीत अधिक बिकट आहे. खिडक्या लावून घेतल्या तर खोलीतील हवा मुलांच्या श्वासाने कोंदते आणि विषाणूंना फावते. उघडल्या तर थंडी व धूर आत येतो. आर. के. पुरमचे हवामापन केंद्र दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीच्या केंद्रांपैकी एक असून त्याचा आकडा कोणालाही आपल्या मोबाइलवर पाहता येतो, आणि नोव्हेंबरात तो पाहून खिडकी उघडण्याचे धैर्य होत नाही. तरीही पूर्ण बंद खोली हा मार्ग नव्हे. थंडीच्या दिवसांत सकाळ व रात्र यांच्या मानाने दुपारची हवा बहुधा काहीशी हलकी असते. त्या वेळी समोरासमोरच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटे, दोन-तीनदा उघडाव्यात, आणि एक्झॉस्ट पंखा मधूनमधून चालवावा. हवा गाळणारे यंत्र घेणे परवडत असेल तर उत्तमच. पण ते धूळ व थेंब अडवते, ताजी हवा आणत नाही. खोली ऊबदार करण्यासाठी कोळशाची अंगीठी मात्र कदापि नको. बंद खोलीत अंगीठी पेटवून निजलेली माणसे कार्बन मोनॉक्साइडने मेल्याच्या बातम्या दिल्लीकर दर हिवाळ्यात वाचतात. लहान मुलांच्या निजण्याच्या खोलीत तिला थाराच असता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: कोणत्या मुलाने घरी राहावे? नाक वाहते आहे एवढ्यावरून कोणाला घरी ठेवण्यात फारसा अर्थ नाही, कारण लक्षणे दिसण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांपासूनच मूल विषाणू पसरवत असते, आणि बरे झाल्यावरही काही दिवस, अगदी तान्हे असल्यास कधी कधी तीन-चार आठवडे, पसरवत राहते. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणून आजार वाढला असेही नव्हे. सर्दी उतरणीला लागली की तो तसा होतोच. कसोटी रंगाची नसून मुलाच्या वागण्याची असावी. जे मूल नाक गाळत का होईना पण खेळते, खाते, हसते, त्याने खुशाल यावे. ज्याला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आहे, ज्याचा श्वास जलद चालला आहे, जे दूधपाणी नाकारते, किंवा ज्याला सतत कडेवरच धरून ठेवावे लागते, त्याने घरी राहावे. आणि औषध न देता चोवीस तास ताप आला नाही, मूल पूर्ववत खेळू लागले, म्हणजे परत यावे. मागे राहिलेला कोरडा खोकला ही अडवणुकीची सबब होऊ नये. सर्दीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छातीचा त्रास वाढण्याचा संभव असतो, म्हणून तान्ह्या बाळाविषयी पहिल्याच दिवशी 'बरे दिसते' म्हणून निश्चिंत होऊ नये.

नियम सोपा आहे. तो पाळणे अवघड जाते ते निराळ्याच कारणाने. सकाळी साडेआठला पॅरासिटामॉलचे चमचाभर औषध पाजून, टोपी कानावर ओढून, 'थोडासा जुकाम है' असे सांगत मूल आयाच्या हाती दिले जाते. औषधाचा अंमल चार ते सहा तासांचा, तेव्हा एकच्या सुमारास मूल तापाने फणफणते, आयाला सकाळच्या डोसाची माहिती नसल्याने ती डब्यातील बाटलीतून पुन्हा औषध पाजते, आणि इकडे आईचा फोन साहेबांच्या बैठकीत बंद असतो. ही लपवाछपवी आई बेफिकीर असल्यामुळे होत नाही, तर तिची रजा संपलेली असते म्हणून होते. हिशेब करून पाहावा: केंद्र सरकारच्या नोकराला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा, आणि पाळणाघरातील पहिल्या वर्षाची दहा-बारा आजारपणे, प्रत्येकी दोन-तीन दिवसांची. मातृत्वाची १८० दिवसांची रजा संपलेली असते. २००८ पासून स्त्री-कर्मचाऱ्यांना सबंध नोकरीत ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते खरी, परंतु ती एका वेळी पाच दिवसांहून कमी घेता येत नाही, वर्षातून सामान्यतः तीनच वेळा घेता येते. आणि दिल्लीतील पुष्कळ घरांत तर ती दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी राखून ठेवण्याचा शिरस्ताच पडला आहे. माझे मत स्पष्ट आहे. पंधरा वर्षांनंतरच्या परीक्षेला आईची जितकी गरज लागेल, त्याहून कितीतरी अधिक गरज आज धाप लागलेल्या सव्वा वर्षाच्या मुलाला आहे. तीनपैकी निदान दोन खेपा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळासाठी मोकळ्या ठेवाव्यात, आणि त्यांतील एखादी खेप, आजारपण पाच दिवसांपेक्षा लांबल्यास, वापरावी. एक-दोन दिवसांच्या तापासाठी वडिलांची आठ दिवसांची नैमित्तिक रजा त्या हंगामात आईच्या रजेइतकीच मुलाच्या नावावर लावावी. आईचे आठ संपल्यावर वडिलांच्या रजेला हात लावायचा, ही वहिवाट मोडायला हवी. सप्टेंबरातच दोघांनी कॅलेंडर पुढे घेऊन वारी लावून घेतली, तर ऐन वेळचा वाद मिटतो. एकाच ब्लॉकमधील दोन-तीन कुटुंबांनी आपसांत अशी पाळी ठरवलेलीही चालते, मात्र तापाच्या मुलाजवळ दुसऱ्याचे तान्हे बाळ नसावे.

पाळणाघरानेही आपल्या बाजूने एक गोष्ट करावी. खरे सांगणाऱ्या आईला शब्दाने बोलू नये. दारातच एक नोंदवही ठेवावी, तीत मुलाचे रात्रीचे तापमान, सकाळी दिलेले औषध, त्याची मात्रा व वेळ आणि त्या दिवशी हमखास उचलला जाईल असा एक फोन नंबर लिहून घ्यावा. आणि नियमाने घरीच राहायला हवे असलेले, पण औषध घेऊन आलेले मूलही परत न पाठवता, मूल खेळते आहे तोवर ठेवून, ताप चढल्यास दोन तासांच्या आत कोण न्यायला येणार हे आधीच ठरवावे. सत्य सांगितल्याने दार बंद होत नाही असा अनुभव आला, म्हणजे सत्य सांगितले जाते.

यानंतर जे सांगायचे ते सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक आया, प्रत्येक बाप आणि प्रत्येक आजीने ते शिकून घ्यावे. ते म्हणजे श्वास मोजणे. हे शास्त्र परदेशी यंत्रांचे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील आरोग्यसेवकांना व अल्पशिक्षित दायांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे व त्यावर उपचार करण्याचे शिक्षण दिले. ज्यांना चाळीस-पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन केले. आणि १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत, जेथे हे काम झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. गडचिरोलीच्या दाईला जे साधले ते दिल्लीच्या पदवीधर आईबापांना न साधण्याचे काही कारण नाही.

मूल शांत असावे, शक्यतो झोपलेले, दूध ओढत नसलेले. सदरा छातीपर्यंत वर करावा, पोट व छाती नीट दिसेल एवढा उजेड असावा. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजावे. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नये, कारण लहान मुलाचा श्वास कधी वेगाने, कधी हळू चालतो. पोट वर आले की एक. दोन महिन्यांच्या आतील बाळात साठ किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा अधिक श्वास मिनिटाला होत असतील, तर तो जलद श्वास समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मोजत असतानाच बरगड्यांच्या खालच्या कडेकडे लक्ष असू द्यावे. श्वास आत घेताना ती जागा आत ओढली जात असेल, म्हणजे पोट उडत असेल, ज्याला येथील बायका 'पसली चल रही है' म्हणतात, तर संध्याकाळपर्यंतही थांबू नये. नाकपुड्या फुलणे, श्वासागणिक कण्हणे, ओठ किंवा जीभ निळसर दिसणे, दूध पिता न येणे, झटका येणे, मूल सुस्त होऊन हाकेला ओ न देणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंशांचा ताप आला तर अन्य काही लक्षण नसले तरी तोच नियम.

औषधांविषयी थोडक्यात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरांनी ते लिहून दिले नाही म्हणून दुसरा डॉक्टर गाठू नये. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांच्या आतील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आत ती सर्वसाधारणपणे योग्य नव्हेत, असे पुन्हा बजावले. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे, पण त्याची मात्रा वयावर नसून वजनावर असते, आणि बाजारात थेंबांचे व निरनिराळ्या तीव्रतेचे पातळ औषध मिळत असल्याने 'एक चमचा' या शब्दाला अर्थ उरत नाही. बाटलीवरील आकडा डॉक्टरांना दाखवूनच मात्रा लिहून घ्यावी. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब प्रत्येक दुधाआधी घालावेत. दूध थोडे थोडे पण वारंवार द्यावे. वर्षापुढील मुलाला खोकल्यासाठी अर्धा चमचा मध द्यावा, वर्षाच्या आत मध मुळीच नको. आमच्या आज्यांच्या औषधांपैकी ओव्याच्या पुरचुंडीचा कोमट शेक करण्यास हरकत नाही, परंतु ओवा-लसणीची धुरी सुजलेल्या छातीला अपायकारक, नाकात सोडलेले तेल वा तूप फुप्फुसात उतरू शकते, आणि कापूर तर पोटात गेल्यास तान्ह्या मुलाला झटके आणणारे विष आहे. उकळत्या पाण्याच्या वाफेने मुले भाजतात. नेब्युलायझर आज घरोघरी आले आहे, पण ब्राँकिओलायटिसमध्ये बहुतेक बाळांना त्याचा लाभ होत नाही, आणि एका मुलाचा मास्क दुसऱ्याला लावणे म्हणजे आजार हातोहात देणे.

लसींपैकी न्यूमोकॉकसची लस आता सरकारी लसीकरणात मिळते. ती विषाणूवर नसली तरी मागाहून येणाऱ्या जिवाणूच्या न्यूमोनियाविरुद्ध मोलाची आहे. इन्फ्लुएंझाची लस सरकारी यादीत नाही, पण भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना ती सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी सुचवते. प्रथमच घेताना महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून हंगामाच्या आधीच विचारणा करावी. आर. एस. व्ही. साठी गर्भवतीला द्यायची लस आणि नवजाताला द्यायचे प्रतिपिंडाचे इंजेक्शन काही पाश्चात्त्य देशांत २०२३ पासून वापरात आले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईबापांनी त्याविषयी आपल्या बालरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे.

या सगळ्या व्यवस्थेत जिचा विचार सर्वांत कमी होतो ती आया. तुटपुंज्या मानधनावर काम करणारी ही बाई स्वतः खोकत असताना कामावर येते, कारण न आल्यास दिवसाचे पैसे कापले जातात. आणि जिच्या कडेवर दहा मुले बसतात तिची सर्दी दहा घरी पोचते. दिल्लीनेच या क्षेत्रात फार मोठे काम पाहिले आहे: १९६९ साली मीरा महादेवन यांनी राजघाटच्या बांधकामावर मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले, त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली, आणि पाळणाघरातील काम हे शिक्षण लागणारे, सन्मानाने करण्याचे काम आहे, हे तिने सिद्ध करून दाखवले. तेव्हा पालकांनी दरमहा थोडी अधिक रक्कम काढून एक राखीव आया ठरवून ठेवावी, आजारी पडलेल्या आयाची रजा भरपगारी असावी, तिच्या इन्फ्लुएंझा लसीचा खर्च पालकसभेने उचलावा, आणि हलक्या सर्दीत तिला यावेच लागले तर मास्क पुरवावा. दोन वर्षांच्या आतील मुलांना मास्क लावू नये. मोठ्यांनी लावलेला मास्क त्यांच्या कामी येतो.

आणि एक कागद तयार ठेवावा. पाळणाघराच्या भिंतीवर, फोनच्या जवळ, प्रत्येक मुलाच्या नावापुढे आई-वडिलांचे कचेरीतील नंबर, शेजारच्या एका माणसाचा नंबर, ॲलर्जी असल्यास तिचा उल्लेख, सी. जी. एच. एस. कार्डाची प्रत, आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ व ११२ हे आकडे असावेत. आर. के. पुरमहून एम्स व सफदरजंग ही समोरासमोर असलेली मोठी रुग्णालये फार लांब नाहीत, परंतु संध्याकाळी रिंगरोड तुंबलेला असतो, म्हणून धाप लागलेल्या मुलाला घेऊन निघताना आधी जवळच्या, प्राणवायूची सोय असलेल्या नर्सिंग होमचे नाव माहीत असणे श्रेयस्कर; तेही त्याच कागदावर लिहावे. मुलाचे वजन मात्र शाईने लिहू नये. ते दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काट्यावर पाहून पेन्सिलीने बदलावे, कारण रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर सर्वांत आधी विचारतात त्या गोष्टींपैकी ती एक असते, आणि आयाला ती सांगता आली पाहिजे.